तुळशीच्या लग्नातली कॅसेट

माझी आई धवलारीण होती. हा शब्द आता आमच्याच पोरींना समजावून सांगावा लागतो, तेव्हा बाकीच्यांनाही सांगून टाकते. आमच्या भागात लग्नातला एकेक विधी गाण्यावर चालायचा. त्या गाण्यांना धवले म्हणायचे आणि ते गाणारी, विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत तिचा गळा थांबत नसे. भटजीही येत, मंगलाष्टकं म्हणत आणि घाईघाईनं पुढच्या लग्नाला निघून जात. बायकांच्या लेखी लग्न लावायची ती आई. पळसदरीपासून खोपोलीच्या अंगाला जी गावं आहेत, त्यांतल्या कितीतरी संसारांची सुरुवात आईच्या आवाजानं झाली. त्यातला एखादा संसार बिघडला तर त्याचं मापही तिच्याच पदरात पडायचं. "तुझ्याच आयशीनं माझं लगीन लावलं," असं एका बाईनं कर्जतच्या भर बाजारात मला रागानं ऐकवलं होतं. मी म्हटलं, "मग परत लावून घ्या." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

माझा गळा फाटका. आईनं लहानपणी थोडी खटपट केली आणि मग हात टेकले. मी कुंभिवलीच्या पुढे हायवेवरच्या एका छोट्या कंपनीत सोल्डरिंगला होते. लांब टेबलं, त्यावर हिरव्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांवर बारीक बारीक पाय असलेले भाग बसवून सोल्डरिंगच्या तापल्या सळईनं त्यांना कथलाचा थेंब लावायचा, हे आमचं काम. आम्ही सगळ्या मुलीच होतो. मुलींचा हात बारीक कामाला बरा म्हणून मुली घेतो, असं साहेब सांगायचे. मुली भांडत नाहीत म्हणून घेत असावेत, असा माझा अंदाज होता. माझ्या बाबतीत ते फसले. पण काम मला मनापासून आवडायचं. कुठे जोड कच्चा राहिलाय हे मला नुसत्या नजरेनं कळायचं, आणि त्याचा मला गर्व होता.

घरात आम्ही चौघं. आई, बाबा, मी आणि धाकटी. धरणाखालच्या खाचरांत बाबांची भातशेती होती. धाकटी नावाप्रमाणे धाकटी आणि स्वभावानं लोण्याची. माझ्या लग्नाचा विषय तेव्हा घरात निघेनासा झाला होता. दोन स्थळं मी परतवली होती आणि तिसऱ्यानं मला परतवलं होतं, त्यामुळे हिशेब मिटल्यासारखा होता. आता सगळ्यांचे डोळे धाकटीकडे लागले होते.

त्या वर्षी भाताच्या आवणीच्या दिवसांत आईच्या गळ्याशी गाठ दिसायला लागली. आधी सुपारीएवढी होती, नवरात्रापर्यंत चांगली लिंबाएवढी झाली. कर्जतच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईचे डॉक्टर भले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं, गाठ साधी आहे, दिवाळीनंतर काढून टाकू, जिवाला धोका नाही. आवाजाची नस मात्र गाठीला अगदी चिकटून गेली आहे, तेव्हा आवाजाचं काही सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "जीव ऱ्हायला म्हंजे झालं." परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत बसली होती. नेरळ गेल्यावर एकदम म्हणाली, "धाकटीचं लगीन ऱ्हायलंय."

तिला गाणं जाण्याची भीती नव्हती. तिला एवढंच पाहिजे होतं की धाकटीच्या लग्नात धवला आपण गावा. लोकांच्या पोरी गाऊन गाऊन नांदायला पाठवल्या आणि स्वतःच्या पोरीच्या मांडवात मुक्यानं उभं राहायचं, हे तिला सोसणार नव्हतं. मलाही सोसणार नव्हतं.

मी नुकताच एक टेपरेकॉर्डर घेतला होता. काळा, हातात धरून नेता येईल असा. मी आईला म्हटलं, "ऑपरेशनच्या आधी सगळं गाऊन ठेव. मी कॅसेटमध्ये भरून ठेवते. धाकटीचं लग्न ठरेल तेव्हा लावू."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "येडी का खुळी गं तू? मांडव नाय, नवरी नाय, आन धवला गाऊ? बिगरलग्नाचा धवला गायला तर घरातली पोर उभीच ऱ्हाते."

"मग माझ्या वेळी कोणी गायला होता?" मी विचारलं.

धाकटी तोंडाला पदर लावून हसायला लागली. आई मात्र हसली नाही. धवला हा तिच्या लेखी खेळ नव्हता. तो मांडवाबाहेर काढायचा नसतो, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि तिनं ते जन्मभर पाळलं होतं. शेतात, चुलीपुढे, जात्यावर तिनं इतर गाणी म्हटली असतील, धवला कधी गुणगुणलासुद्धा नाही. दोन दिवस मी तिच्याशी वाद घातला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो पीळ आमच्या घरात आईकडून माझ्याकडे आलाय, त्यामुळे वादाचा निकाल लागेना. शेवटी बाबांनी तोंड उघडलं. ते दिवसाकाठी चार वाक्यं बोलायचे, पण बोलायचे ते उपयोगाचं. म्हणाले, "तुळशीचं लगीन हाय की आता. मांडव बी हाय, नवरी बी हाय."

आईनं अंगणातल्या तुळशीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुळशीचं लगीन ते लगीनच हाय."

दरवर्षी आमच्या अंगणातल्या तुळशीचं लग्न पाच मिनिटांत उरकायचं. त्या वर्षी तसं चाललं नाही. बाबांनी चार ऊस उभे करून खरा मांडव केला. आईनं लग्नाला जाताना नेसायचं हिरवं लुगडं काढलं. तुळशीला हळद लावली, चिंचा-आवळे ठेवले. शेजारच्या बायका आल्या, त्यांना मी दम दिला की आज ओळ मागून म्हणून झेलायची नाही, एकट्या आईचा आवाज पाहिजे. खोकला आला तरी मांडवाबाहेर जाऊन खोकायचं. एक म्हातारी रुसून गेली. दिवेलागणीला मी स्वतः वायर जोडलेला माईक आईपुढे ठेवून लाल बटण दाबलं आणि आई गायला लागली.

तो आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. जाड होता आणि स्वच्छ होता, एवढं म्हणते. गाठ असूनही त्यात खोट दिसत नव्हती. मेढीचा धवला झाला, हळदीचा झाला. मग नवरीला पाटावर बसवण्याचा धवला आला. "पाटावर बसली, कोण गं बसली" अशी ओळ आईनं उचलली आणि पुढच्या ओळीच्या तोंडाशी ती थांबली. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग लगेच "बसली, अंगणाचं सोनं" हे शब्द ठणठणीत आले. पुढे नवरीच्या बापाच्या ओळीत तेच झालं. आणि अगदी शेवटी, जिथे पाठीशी दिवा धरून उभ्या राहणाऱ्या करवलीची ओळ येते, तिथे तर ती सर्वांत जास्त वेळ थांबली. "पाठीशी कोण गं, दिवा कोण धरी," मग नुसते ओठ, आणि मग "धरी, पहिली माझी."

धवल्यात ज्याचं त्याचं नाव घ्यायची जागा सर्वांत चढी असते. आवाज तिथे उंच न्यावा लागतो. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की गाठीमुळे आईला तिथे चढता येत नाहीये. तिच्याजवळ मी हा विषय काढला नाही. ज्या बाईचा आवाज जाणार आहे तिला, तो आत्ताच गेलाय, हे कशाला ऐकवा?

तुळशीला अक्षता पडल्या आणि मी मोठ्या तोऱ्यात कॅसेट उलटी फिरवून लावली. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही कोण गं नाकात गाते?"

"तूच की."

"मी अशी गाते व्हय? आन लोकं इतकी वर्सं ऐकून घेत व्हती?"

मी म्हटलं, आई, या मशीनचा स्पीकर एवढा पुरीएवढा आहे, त्यातून एवढंच येणार. "मंग पुरी खा," असं म्हणून ती गुरांकडे निघून गेली. पाठमोऱ्या आईकडे बघून मला वाईट वाटलं. तिनं स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता, आणि तो असला डब्यातला.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आई सुखरूप घरी आली, आणि आवाज गेला. अगदी मुकी नाही झाली. कुजबुज उरली, कानाजवळ तोंड आणून बोलल्यासारखी. शेजारच्या खोलीत असलं तर ऐकू यायचं नाही. गुरांना हाक मारता येईना म्हणून ती थाळी वाजवायची आणि गुरं गोंधळून तिच्याकडे बघायची. बायका भेटायला येत आणि तिच्याशी बोलताना स्वतःच कुजबुजत. त्यावर ती चिडायची. "माझा गळा गेलाय, तुमचा नाय," असं ती म्हणायची, पण त्यांना तेही ऐकू जात नसे.

आता माझ्यापुढे एकच काम होतं. कॅसेटमध्ये आईचा आवाज होता, तो बाहेर नीट काढायचा. कंपनीतून एक बाद झालेला स्पीकर मी साहेबांना विचारून आणला होता. बाबांनी सुचवलं, माठाच्या तोंडावर ठेवून बघ, कर्जतच्या एका चहावाल्याकडे तसा आहे. मी तांबडा माठ रिकामा केला, तोंडावर स्पीकर बसवला, टेपरेकॉर्डरची वायर त्याला जोडली. आवाज भरदार आला, पण विहिरीत पडलेली बाई गातेय असा. आईनं हातानंच नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी प्यायला गार पाणी नव्हतं म्हणून तिनं मला आणखी काही खुणा केल्या. त्या इथे सांगत नाही.

मग माझी नजर बाबांच्या रेडिओवर गेली. तो जुना, लाकडी पेटीचा, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला रेडिओ होता. चालू केला की तापायला वेळ घ्यायचा, आणि तापला की त्याचा आवाज सगळं घर व्यापायचा. बाबा त्यावर शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि रोज सकाळी तो धोतराच्या सोग्यानं पुसत. आम्हा कोणाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्याच्या पाठीमागे दोन भोकं होती आणि शेजारी तबकडीचं चित्र होतं. ती भोकं ग्रामोफोन जोडण्यासाठी असतात हे मला ठाऊक होतं. ग्रामोफोन जोडता येतो तर टेपरेकॉर्डर का नाही?

"त्याच्या पोटात हात घालायचा नाय," बाबा म्हणाले.

"पोटात नाही हो, पाठीत."

"पाठीत बी नाय."

आई चुलीपुढे बसली होती. तिनं मान वळवून बाबांकडे नुसतं बघितलं. बाबा उठून गोठ्यात गेले. आमच्याकडे परवानगी अशी मिळते.

जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीत वायर तयार केली. एका टोकाला टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकात जाणारी पिन, दुसऱ्या टोकाला रेडिओच्या दोन भोकांसाठी दोन पिना. वायर साधी घेतली नाही, वरून जाळी असलेली घेतली, म्हणजे मधेच घरघर शिरत नाही. घरी येऊन जोडली. रेडिओ तापला आणि घूं असा आवाज यायला लागला. बाबा दारातून म्हणाले, "मेला." मी विजेचा प्लग काढून उलटा बसवला, तेव्हा घूं कमी झालं. मग कॅसेट लावली.

आई हातातलं पीठ तसंच घेऊन उठून आली. रेडिओसमोर उभी राहिली. तिचा आवाज, तिचा जाड, स्वच्छ आवाज, त्या लाकडी पेटीतून येत होता, जणू ती आतल्या खोलीत उभी राहून गातेय. मेढीचा धवला संपेपर्यंत ती उभीच होती. मग खाली बसली. गुडघ्यावर पिठाच्या हातानं ताल धरला. पाटाच्या धवल्यात जिथे आवाज नव्हता तिथे तिचे ओठ पुन्हा हलले. मला वाटलं, तिला त्याचं दुःख होतंय, म्हणून मी रेडिओच्या पाठीमागची वायर नीट करण्याचं निमित्त करून तोंड लपवलं. सगळं ऐकून झाल्यावर ती कुजबुजली, "ही मी."

बाबांनी त्या दिवसापासून शेतीचा कार्यक्रम सोडला असं म्हणणार नाही, पण वायर काढ असं ते कधी म्हणाले नाहीत.

मला मात्र त्या रिकाम्या जागांनी छळलं. पाटाच्या धवल्याला आवाजाची सर्वांत जास्त गरज, आणि तिथेच खड्डे. तेव्हा माझ्या मनात आलं, कदाचित आईचा गळा नव्हे, माझ्याच माईकच्या वायरचा जोड त्या दिवशी कच्चा असेल. मी जोड उघडला, पुन्हा लावला, कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली. रेडिओवर बारीकसारीकही ऐकू यायचं. त्या रिकाम्या जागांत अंगणातले रातकिडे किरकिरत होते. वायर सुटली असती तर रातकिडेही गेले असते. म्हणजे जोड पक्का होता, गळाच थांबला होता. स्वतःचं काम चोख निघाल्याचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं. शेवटची, करवलीच्या ओळीतली जागा तर मी इतक्यांदा ऐकली की मला त्यातले रातकिडे पाठ झाले.

माघात धाकटीचं ठरलं. मुलगा शेलूकडचा, रेल्वेत नोकरीला, बोलायला बरा. लग्न वैशाखातलं धरलं. आमच्या मामाला कळलं की धवले कॅसेटवर लावणार आहेत, तेव्हा तो तडक घरी आला. "मशीन लगीन लावनार? दुसऱ्या गावची धवलारीण आना. लोकं हसतील." मी तोंड उघडणार तोच आईनं त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मामा चहा प्यायला लागला. नंतर मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "ती म्हंते, हात माझं, गळा बी माझाच."

लाऊडस्पीकरवाला कर्जतचा होता. चांगला पोक्त माणूस, पण आपल्या सामानाबद्दल फार हळवा. मी त्याला सांगितलं, माझा टेपरेकॉर्डर तुमच्या ॲम्प्लिफायरला वायरनं जोडायचाय. तो म्हणाला, "वायर कशाला, ताई? टेपच्या फुडं माईक धरू, झालं." मी म्हटलं, तसं केलं तर पुरीएवढ्या स्पीकरचाच आवाज मोठा होऊन येईल, आणि आई मला मांडवात मारेल. मग त्याला धास्ती पडली की जास्तीचा आवाज आत शिरून त्याचं मशीन जळेल. मी वायरमध्ये आवाजाचा जोर कमी करणारे दोन रोधक घातले होते, ते त्याला उघडून दाखवले, लग्नाच्या आदल्या दिवशी लावूनही दाखवलं. मशीन जळलं नाही. मग तो उलट माझ्याकडूनच तशी एक वायर मागायला लागला, आणि आपल्या मशीनची थोरवी सांगत सुटला. याला टेपचं बटण निराळं, माईकचं निराळं, दोन्ही एकदम चालतं, गाणं चालू ठेवून वर बोलता येतं.

त्यानं आंब्यावर कर्णा चढवला होता. कर्ण्यातून आवाज धरणापलीकडे जातो, पण पुन्हा नाकातच जातो. मी हट्टानं नाटकाला लावतात ते दोन लाकडी बॉक्स आणायला लावले. बाबा नाराज झाले. "कर्ना नाय लावला तर लगीन हाय हे गावाला कळनार कसं?" शेवटी ठरलं, सिनेमाची गाणी कर्ण्यावर आणि आई बॉक्सवर.

राहिल्या त्या रिकाम्या जागा. त्यांची सोय मी सनईवाल्याशी बोलून केली. मी रुमाल वर केला की त्यानं फुंकायचं आणि खाली केला की थांबायचं, म्हणजे आईचा गळा कुठे थांबला हे मांडवाला कळणार नाही. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी करवली म्हणून मी धाकटीच्या पाठीशी दिवा घेऊन उभं राहायला हवं होतं. पण टेप थांबवणं, चालू करणं दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं. म्हणून चुलत बहिणीच्या हातात दिवा दिला आणि मी पाटाजवळच, मांडवाच्या खांबाशी मशीन ठेवलेल्या टेबलामागे उभी राहिले. बायकांची कुजबुज कानावर येत होती. थोरली राहिली आणि धाकटी चालली, म्हणून तोंड लपवून बसली असेल, असंही एक वाक्य ऐकलं. मी व्हॉल्यूम जरा वाढवला.

मेढीचा धवला सुरू झाला आणि मांडव शांत झाला. आई पुढे उभी राहून हातानं विधी करत होती आणि तिचा आवाज दोन बॉक्समधून येत होता. म्हाताऱ्या बायका आधी दचकल्या, मग सवयीनं मागून झेलायला लागल्या. मामाचे डोळे भरून आले. हळदीचा धवला झाला. मग धाकटीला पाटावर आणलं आणि मी रुमाल हातात घेतला.

"पाटावर बसली, कोण गं बसली."

मी रुमाल वर केला. सनईवाल्यानं गाल फुगवले. तेवढ्यात माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं. आई होती. तिनं माझा हात खाली दाबला, लाऊडस्पीकरवाल्याच्या हातातला माईक काढून घेतला, तोंडाला लावला आणि त्या रिकाम्या जागेत धाकटीचं नाव घेतलं.

ती कुजबुजच होती. पण त्या बॉक्समधून ती साऱ्या मांडवाला ऐकू गेली, आणि तिच्यामागोमाग कार्तिकातला आवाज आला, "बसली, अंगणाचं सोनं." नाव आताच्या आईचं, ओळ तेव्हाच्या आईची. मध्ये जोड कुठे दिसत नव्हता. धाकटीनं मान वर करून आईकडे बघितलं. बायकांनी तिच्या नावासकट ओळ झेलली.

बापाच्या ओळीत तिनं बाबांचं नाव घेतलं. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यावं, बायकोनं नवऱ्याचं घेऊ नये, असा आमच्याकडचा रिवाज. आईनं ते तोपर्यंत कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. बाबा उगाच मांडवाचं छत तपासायला लागले.

तेवढ्यात पाटापुढची तांदळाची परात सरकली म्हणून मी टेप थांबवला. बायका ती नीट करत होत्या. आई माझ्या कानाशी आली. "तुला काय वाटलं? गळा गेला व्हता?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"आगं, तुळशीचं नाव मी ओठात घेतलं. तिला ऐकू जातं. साऱ्या जागा धाकटीच्या मांडवासाठी ठेवल्या. स्थळ ठरल्याबिगर पोरीचं नाव धवल्यात घेत नाय, आन बोलून बी दाखवत नाय." मग म्हणाली, "मंग म्हटलं, तू रोज ऐकतेस, तुला कळलं आसंल."

मला काही कळलं नव्हतं. सगळा हिवाळा मी त्या जागा दुरुस्त करायला बसले होते.

परात नीट झाली. मी टेप चालू केला. धवला शेवटाकडे आला.

"पाठीशी कोण गं, दिवा कोण धरी."

ती सर्वांत मोठी जागा होती, रातकिड्यांची. आईनं माईक तोंडाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि भर मांडवात माझं नाव घेतलं. सावकाश, पूर्ण नाव, जसं मी लहान असताना ती हाक मारायची तसं. मग तिचाच आवाज बॉक्समधून म्हणाला, "धरी, पहिली माझी."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बायका माझं नाव घेऊन ओळ झेलत होत्या, ज्या माझ्याविषयी कुजबुजत होत्या त्यासुद्धा. मी बटणावरचा हात काढला, टेबलामागून बाहेर आले, चुलत बहिणीच्या हातातला दिवा घेतला आणि धाकटीच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. धवला संपला. कॅसेट बंद करायला मशीनपाशी कोणीच नव्हतं. वैशाखाच्या भर दुपारी, आमच्या अंगणातले कार्तिकातले रातकिडे मांडवात वाजत राहिले.